मीठखाते आणि कोकणची उन्हाळी मासळी

कोकणकिनाऱ्यावरील मासेमारीचा एकोणिसाव्या शतकातील इतिहास लिहू पाहणाऱ्या अभ्यासकास प्रारंभीच एक चमत्कारिक अनुभव येतो. मासळीसंबंधीची माहिती त्यास मासळीच्या दप्तरात सापडत नाही. ती सापडते मिठाच्या दप्तरात. मुंबई इलाख्यात मत्स्यव्यवसायाचे स्वतंत्र खाते दुसऱ्या महायुद्धाच्या अखेरीपर्यंत उभे राहिले नव्हते. उलट, मिठावरील कर वसूल करणारे खाते मात्र १८७० नंतरच्या दशकांत अतिशय बळकट झाले होते, आणि मासे खारविण्यास मीठ लागत असल्यामुळे कोळ्याच्या घरात डोकावण्याचे काम ओघानेच त्या खात्याकडे आले. ज्या खात्यास मासळीत गोडी नव्हती, केवळ मिठाच्या चोरीची धास्ती होती, त्या खात्याच्या डोळ्यांनी पुढील पिढ्यांनी कोकणचा मासेमार पाहिला. ह्या दृष्टीत काय दिसले आणि काय निसटले, ह्याचा विचार केल्यावाचून मिठाच्या कराने कोकणच्या मासेमाराचे नेमके किती नुकसान केले, ह्या जुन्या प्रश्नाचे उत्तर देता येणार नाही.

हा प्रश्न मुख्यतः उन्हाळ्याचा आहे. कोकणात मासेमारीचे वर्ष नारळी पौर्णिमेस सुरू होते आणि मृग नक्षत्राच्या तोंडाशी, म्हणजे जूनच्या पहिल्या आठवड्यात, संपते. मधल्या काळाचे शिमग्याने दोन भाग पडतात. पूर्वार्धातील मासळी विपुल असते, हवा थंड असते, आणि माल ताजा विकण्यास थोडीफार सवड मिळते. शिमगा सरला की उन्हाचा ताप वाढतो, दक्षिणेकडचे दमट वारे सुटू लागतात, आणि सकाळी जाळ्यातून काढलेला मासा दुपारपर्यंत टिकेनासा होतो. बर्फ नसलेल्या काळात ह्या सुमारे तीन महिन्यांतील पकडीचे मोल समुद्रात ठरत नसे. होडी किनाऱ्यास लागल्यानंतरच्या पाच-सहा घटकांत ते ठरत असे. शिवाय आगोट जवळ येत असे. पावसाळ्याचे तीन महिने समुद्र बंद. तेव्हा घरासाठी आणि घाटावरच्या बाजारासाठी सुकी मासळी तयार करण्याची हीच अखेरची संधी. ऊन हे मासळीचे शत्रू, आणि तेच तिला टिकविण्याचे साधन, असा हा दुहेरी संबंध आहे. त्यात योगायोगाने आणखी एक गोष्ट मिसळते. मिठागरांतील मीठ पिकते तेही ह्याच महिन्यांत. उरण, पेण, भाईंदर किंवा शिरोडे येथील आगरांत माघ-फाल्गुनात खाऱ्या पाण्याचे वाफे भरले जातात आणि वैशाखअखेर मिठाच्या राशी झाकल्या जातात. निसर्गाने मासळी आणि मीठ एकाच किनाऱ्यावर, एकाच ऋतूत आणून ठेवले होते. त्या दोहोंच्या मध्ये सरकारी नाका कसा उभा राहिला, हा पुढील इतिहास.

तथापि हा नाका सर्व किनाऱ्यावर सारखा जाचक नव्हता, आणि ह्याकडे पुरेसे लक्ष दिले गेलेले नाही. मासेमारीच्या दृष्टीने कोकण एक नव्हे, दोन आहेत.

उत्तर कोकणाची, म्हणजे डहाणूपासून अलिबाग-मुरूडपर्यंतच्या पट्ट्याची, मासेमारी भरती-ओहोटीच्या ओढीवर चालते. खंबायतच्या आखाताकडे जावे तसतशी भरतीची उंची वाढत जाते. मुंबईस उधाणाच्या दिवशी भरती आणि ओहोटी ह्यांच्या पातळीत चार मीटरांहून अधिक अंतर पडते. गोव्याकडे ते जेमतेम दोन मीटर असते. ह्या प्रचंड ओढीचा उपयोग करून घेणारे जाळे म्हणजे डोल. समुद्रतळात रोवलेल्या खुंटांच्या आधाराने एक लांबच लांब, शेपटाकडे निमुळते होत जाणारे पिशवीवजा जाळे प्रवाहाच्या तोंडाशी बांधावयाचे, पाणी त्यातून वाहू द्यावयाचे, आणि ओढ मंदावली की शेपूट उचलून मासळी होडीत रिकामी करावयाची, अशी ही रीत आहे. मासा शोधत जावे लागत नाही. समुद्रच तो आणून घालतो. मात्र खुंट रोवणे हे अत्यंत कष्टाचे व खर्चाचे काम असल्यामुळे खुंटाच्या जागेवर कुळाचा हक्क मानला जातो, तो वारसाने चालतो आणि त्यावरून तंटेही होतात. पाण्यावर जमिनीसारखी मालकी निर्माण करणारी ही संस्था कायद्याच्या अभ्यासकांनी अधिक पाहण्याजोगी आहे.

डोलीत मुख्यतः येतो तो बोंबील, आणि उन्हाळ्यात त्याच्या जोडीला जवळा. बोंबलाची वस्ती मोठी विलक्षण आहे. गुजरातपासून रत्नागिरीच्या आसपासपर्यंत तो भरपूर; तेथून दक्षिणेस जवळजवळ नाही; आणि मग एकदम बंगालच्या उपसागराच्या उत्तर भागात पुन्हा भरपूर. ह्या मत्स्याच्या शरीरात पाण्याचा अंश दहात नऊ भागांच्या जवळपास असून चरबी अगदी अल्प असते. म्हणून त्यास मीठ लागत नाही. दोन-दोन बोंबील जबड्यात जबडा अडकवून बांबूंच्या मांडवावर टांगले, की तीन-चार दिवसांच्या उन्हावाऱ्यात ते काटकीसारखे कडक होतात. जवळा तर सारवलेल्या किंवा वाळूच्या खळ्यावर पसरला की एका दिवसाच्या कडक उन्हात वाळतो. ह्या सर्व व्यवहारात मिठाचा खडाही खर्ची पडत नाही. लागते ते मोकळे आवार, कोरडा वारा आणि बायकांचे अविरत श्रम. मासळी टांगणे, परतणे, दवापासून राखणे, कावळे-कुत्र्यांपासून वाचविणे, निवडणे आणि अखेर बाजारात नेऊन विकणे ही सारी कामे कोळणींची. उत्तर कोकणात समुद्र पुरुषाचा आणि किनारा स्त्रीचा, अशी श्रमविभागणी फार जुनी दिसते.

ह्या सुक्या बोंबलाचा व्यापार आगगाडीच्या आधीच दूरवर पसरला होता. इंग्रजांनी बोंबलास दिलेल्या ‘बॉम्बे डक’ ह्या नावाची व्युत्पत्ती ‘बॉम्बे डाक’ म्हणजे टपालगाडी अशी सांगण्याची प्रथा आहे, कारण म्हणे ह्या गाडीतून बोंबलाचा वास येत असे. व्युत्पत्ती चटकदार आहे, पण हे नाव १८५३ च्या, म्हणजे मुंबई-ठाणे आगगाडीच्या, आधीच्या इंग्रजी लेखनात आढळत असल्यामुळे ती टिकत नाही.

दक्षिण कोकणाचे चित्र निराळे. रत्नागिरीच्या खाली भरतीची ओढ कमी, डोल निरुपयोगी, बोंबील विरळ. येथील मुख्य साधन रांपण. वाळूच्या किनाऱ्यावरून होडीने अर्धवर्तुळाकार जाळे टाकावयाचे आणि त्याची दोन्ही टोके पन्नास-पाऊणशे माणसांनी किनाऱ्यावर ओढावयाची. हे काम एका घराच्या आवाक्यातले नव्हे. म्हणून गावोगाव रांपणीचे संघ, त्यांत प्रत्येकाचा जाळ्याचा तुकडा आणि त्या मानाने वाटा, अशी पद्धत रूढ झाली. गाबीत, खारवी आणि दालदी ह्या जमातींचा हा किनारा. मासळी म्हणजे मुख्यतः बांगडा आणि तारली. ह्यांचे थवे पावसाळ्यानंतर किनाऱ्याजवळ येतात आणि माघाच्या सुमारास पांगतात. नंतर, म्हणजे ऐन उन्हाळ्यात, होड्या खोल पाण्यात जाऊन वाहत्या जाळ्यांनी आणि गळांनी मुशी, वाघळी, सुरमई अशी मोठी मासळी धरू लागतात. तर खाड्यांच्या मुखाशी बायका-पोरे तिसऱ्या आणि कालवे काढतात.

बांगडा व तारली हे तेलकट मासे आहेत. नुसत्या उन्हात टाकले तर ते वाळण्यापूर्वीच खवट होतात. मुशी-वाघळीचे मांस जाड. त्यास पटकन वास सुटतो. ह्या मासळीस मीठ हवेच, आणि तेही थोडेथोडके नव्हे. तीन ते पाच भाग मासळीस एक भाग मीठ असे सामान्य प्रमाण आहे. तेव्हा उत्तरेकडील कोळ्यास जो प्रश्न जवळजवळ पडतच नव्हता, तो दक्षिणेकडील गाबितास प्रत्येक पकडीच्या वेळी पडत होता. मीठ कोठून आणावयाचे आणि काय भावाने?

भावाचा इतिहास थोडक्यात असा. मुंबई इलाख्यात मिठावर १८३७ मध्ये मणामागे ८ आणे कर बसला. १८४४ मध्ये तो १ रुपया करण्याचा घाट घातला गेला, तेव्हा सुरतेस दंगा उसळला आणि सरकारने १२ आण्यांवर समाधान मानले. पण पुढे वाढ थांबली नाही. १८६९ मध्ये दर १ रुपया १३ आण्यांवर गेला आणि १८७८ च्या सुमारास अडीच रुपयांवर. १८८२ मध्ये तो २ रुपये झाला, १८८८ मध्ये पुन्हा अडीच. आगरावर मीठ पिकविण्याचा खर्च मणामागे काही आण्यांपलीकडे जात नसे, हे ध्यानात घेतले म्हणजे मिठाच्या किमतीत कराचा हिस्सा किती होता हे उमगते. एक साधा हिशेब करून पाहावा. चार मण मासळीस एक मण मीठ धरले, तर अडीच रुपयांच्या दराने मासळीच्या प्रत्येक मणावर १० आणे कर पडला. भरपूर पकडीच्या दिवशी किनाऱ्यावर ताज्या बांगड्यास ग्राहकच नसे, त्या दिवशी हा कर मासळीच्या मूळ किमतीहूनही जड होणे अशक्य नव्हते. मग मासळी वाळूत पुरून माडांस खत म्हणून घातली जाई. ज्या देशात दुष्काळाने माणसे मरत होती त्या देशात, त्याच दशकात, ही गोष्ट घडत होती.

कराइतकाच परिणाम कर गोळा करण्याच्या पद्धतीने केला. लहान, विखुरलेल्या आगरांवर पहारा ठेवणे खर्चाचे असते. म्हणून ती बंद करून मोठ्या आगरांवर उत्पादन एकवटण्याचे धोरण मीठखात्याने स्वीकारले. १८९० च्या मुंबईच्या मीठ कायद्याने परवान्यावाचून मीठ तयार करणे किंवा खारी माती गोळा करणे हे दोन्ही गुन्हे ठरले. खाडीकाठच्या माणसाच्या दारात उन्हाने आपोआप साखळणारे मीठ असे अपराधाची वस्तू झाले.

ह्या परिस्थितीकडे सरकारचे लक्ष प्रथम गंभीरपणे वेधले ते फ्रान्सिस डे ह्याने. हा मद्रास सैन्यातील शल्यवैद्य. कोचीनला असताना मत्स्यशास्त्राकडे वळला आणि पुढे हिंदुस्थानच्या मत्स्यव्यवसायाचा महानिरीक्षक झाला. त्याचा सागरी मासळीवरील अहवाल १८७३ मध्ये प्रसिद्ध झाला. मत्स्यशास्त्रज्ञ म्हणून त्याची कीर्ती १८७५ ते १८७८ मध्ये निघालेल्या ग्रंथावर उभी आहे, परंतु इतिहासकाराच्या दृष्टीने हा आधीचा अहवाल अधिक मोलाचा होय. महाग मिठामुळे मासे खारविण्याचा धंदा खुंटतो, लोक खारी माती वापरून कसाबसा माल टिकवितात, तो निकृष्ट व आरोग्यास अपायकारक होतो, असे त्याचे थोडक्यात म्हणणे. त्याच्या मागणीनंतर प्रथम मद्रास इलाख्यात आणि पुढे मुंबई इलाख्यात मासे खारविण्याची सरकारी आवारे निघाली. मुंबई इलाख्यात ती बव्हंशी रत्नागिरी आणि कारवार ह्या जिल्ह्यांच्या किनाऱ्यावर, मालवणसारख्या ठिकाणी, होती. ही गोष्ट आपल्या दोन कोकणांच्या भेदाशी तंतोतंत जुळते. बोंबलाच्या मुलखास आवारांची गरजच नव्हती.

आवार म्हणजे कुंपण घातलेली जागा, आत ओटे, टाक्या आणि मिठाचे कोठार, दाराशी मीठखात्याचा कारकून व शिपाई. मासळी आत आणावयाची, तोलावयाची, तिच्या वजनाच्या प्रमाणात करमुक्त मीठ जवळपास मूळ खर्चाच्या भावाने घ्यावयाचे, तेथेच मासळी चिरून खारवावयाची आणि वाळली की बाहेर न्यावयाची. मिठाचा खडा मात्र मासळीच्या अंगाखेरीज बाहेर जाता कामा नये. सरकारी अहवालांतून ह्या योजनेचे वर्णन गरीब कोळ्यावरील उपकार असे केले जाते, आणि तिचा लाभ झाला नाही असेही म्हणता येत नाही. खाऱ्या मातीने माखलेल्या मासळीऐवजी स्वच्छ मिठातली मासळी सिलोनच्या व घाटावरच्या बाजारात जाऊ लागली, हा लाभ खराच.

परंतु लाभ कोणाचा, हे पाहिले पाहिजे. समुद्राची वेळ आणि कचेरीची वेळ एक नसते. रांपण ओढून होईल तेव्हा दार उघडे असेलच असे नाही. आवार प्रत्येक वाडीस नव्हते. दूरच्या वाडीवाल्याने उन्हातून माल वाहून आणावा, तोवर तो उतरलेला असावा. आवारात मासळी वाळेपर्यंत दिवस मोडतात, ते मोडण्याची ऐपत रोज विकून रोज खाणाऱ्यास नाही. साहजिकच मीठ घेण्याचा परवाना, जागा आणि भांडवल ज्याच्या हाती, तो व्यापारी मधे आला. मासेमाराने ताजी मासळी आवाराच्या दाराशी त्याच्या भावाने घालावी आणि खारविण्यातील नफा त्याने घ्यावा, ह्या दिशेने व्यवहार सरकत जाणे अपरिहार्य होते. त्यातून हाच व्यापारी बहुधा नारळी पौर्णिमेस जाळ्यासाठी व होडीच्या दुरुस्तीसाठी आगाऊ रक्कम देणारा सावकार. मिठाच्या सवलतीने मासळी वाचली; मासेमार वाचलाच असे नाही. उत्तरेकडेही दलाल होतेच, पण तेथे वाळविण्याचे साधन, म्हणजे ऊन, कोणाच्या कुलुपात नव्हते.

आवारांची ही कहाणी मालवण-वेंगुर्ल्यावर थांबत नाही. तेरेखोलच्या पलीकडे पोर्तुगीज राज्य होते, आणि तेथील मीठ स्वस्त होते. बार्देश, तिसवाडी व सासष्टी ह्या तालुक्यांतील खाजणांत मिठगावडे पिढ्यान्‌पिढ्या मीठ पिकवीत. लमाणांचे तांडे ते बैलांवर लादून घाटावर नेत. ब्रिटिश मुलखात कर वाढत गेला तसे गोव्याचे मीठ चोरट्या मार्गांनी सावंतवाडी, रत्नागिरी आणि कारवारकडे येणे फायद्याचे होत गेले, आणि मीठखात्यास ही गळती असह्य झाली. २६ डिसेंबर १८७८ रोजी लिस्बन येथे झालेल्या ब्रिटिश-पोर्तुगीज तहाचे मूळ बऱ्याच अंशी ह्यात आहे. ह्या तहान्वये गोव्यातील मिठाच्या उत्पादनावरील व विक्रीवरील नियंत्रण ब्रिटिशांकडे गेले, तेथील कर ब्रिटिश हिंदुस्थानच्या पातळीवर चढला, आणि मोबदल्यात पोर्तुगीज सरकारास दरसाल ४ लक्ष रुपये मिळू लागले. तहाचा अंमल १८८० च्या आरंभी सुरू झाला आणि १८९२ च्या जानेवारीत तो संपला.

ह्या तहाचा विचार सामान्यतः मुरगाव बंदर आणि तेथून १८८८ मध्ये सुरू झालेला लोहमार्ग ह्यांच्या अनुषंगाने होतो. मासळीच्या बाजूने पाहिल्यास त्याचा निराळाच अर्थ दिसतो. ज्या किनाऱ्यावर मीठ ही वस्तू जवळजवळ पाण्याच्या भावाने मिळे, तेथे बारा उन्हाळे मासेमाराने ब्रिटिश दराच्या मिठात मासळी खारविली. परक्या राज्याच्या अबकारी शिपायांनी स्वतःच्या राज्यातील आगरांवर पहारा करावा, हे दृश्य गोव्याच्या प्रजेने मुकाट्याने पाहिले नाही. तहाविरुद्ध तेथे तीव्र असंतोष होता. बारा वर्षांनी तह गेला, पण अनेक लहान आगरांची मोडलेली घडी पूर्ववत झाली नाही, आणि घाटावरील मिठाचा जुना व्यापार तर आगगाडीने कायमचाच बदलला. दर वर्षी आगोटीच्या तोंडावर गोव्यात ‘पुरुमेंत’ म्हणजे पावसाळ्याच्या बेगमीचे बाजार भरतात. त्यांत सुकी-खारी मासळी, मीठ, मिरच्या, कोकम ही मुख्य खरेदी. शब्द पोर्तुगीज, रीत त्याहून जुनी. ह्या बाजारांतील मिठाच्या व मासळीच्या भावांचा १८८० ते १८९२ ह्या काळातील शोध कोणी चर्चच्या व कोमुनिदादीच्या जमाखर्चांतून घेतला, तर तहाचे सामाजिक मोल अधिक नेमके सांगता येईल.

विसाव्या शतकात मासळीकडे मासळी म्हणून पाहण्याचे प्रयत्न सुरू झाले, परंतु दृष्टीचा जुना कल गेला नाही. मुंबई सरकारने १९२१-२२ मध्ये ‘विल्यम कॅरिक’ नावाची वाफेची ट्रॉलर बोट मुंबईजवळच्या समुद्रात चालवून पाहिली. मासळी मिळाली, पण हिशेब तोट्यात गेला आणि प्रयोग सोडून द्यावा लागला. किनाऱ्यावर बर्फ, वाहतूक व बाजार ह्यांची सोय नसताना समुद्रातून अधिक मासळी उपसण्यात अर्थ नसतो, हा धडा कोणत्याही कोळणीने विनामूल्य दिला असता. १९३३ मध्ये एच. टी. सोर्ली ह्या सनदी अधिकाऱ्याचा मुंबई इलाख्याच्या सागरी मासेमारीवरील अहवाल प्रसिद्ध झाला. त्याने होड्या, जाळी, जमाती व बाजार ह्यांची जी पाहणी केली ती आजही आधारभूत आहे, आणि तीवाचून ह्या विषयात पाऊल टाकता येत नाही. तरीही आकड्यांच्या बाबतीत त्या काळच्या सर्वच लेखकांची अडचण एकच होती. जी मासळी तोलली गेली तिचे आकडे होते, आणि तोलली जात होती ती प्रामुख्याने आवारात शिरणारी. बोंबलाचे मांडव, जवळ्याची खळी, घरोघर भरलेली आगोटीची मडकी, खाडीतल्या तिसऱ्या ह्यांचे वजन कोणी केले नाही. पर्यायाने किनाऱ्यावरील स्त्रियांच्या श्रमाचा फार मोठा भाग दप्तराबाहेर राहिला.

ह्यावरून मूळ प्रश्नाचे उत्तर दुरुस्त करून घ्यावे लागते. मिठाच्या कराने कोकणचा मासेमार बुडाला, हे विधान राष्ट्रीय चळवळीच्या काळात सरसकट केले गेले, आणि त्या काळी ते करणे स्वाभाविक होते. पण कराचा घाव दक्षिणेस खोल आणि उत्तरेस उथळ होता. उत्तरेच्या कोळ्याची दैना झाली असेल तर तिची कारणे अन्यत्र शोधावी लागतील. कर्ज, मुंबई बंदराच्या विस्तारात गेलेले किनारे व खुंटांच्या जागा आणि बाजारातील दलाली ही कारणे अधिक संभवनीय आहेत. उलट, दक्षिणेत कराच्या आकड्याहून अधिक नुकसान केले ते मीठ दारात असूनही हाती न येण्याने, आणि ते कोणत्याही वसुलीच्या तक्त्यात दिसत नाही.

१९३० च्या सत्याग्रहाचा काळही ह्या संदर्भात पाहण्याजोगा आहे. ६ एप्रिल रोजी दांडीस मीठ उचलले गेले, १२ मे रोजी शिरोड्याच्या आगरांवर सत्याग्रह झाला. दोन्ही तारखा ऐन उन्हाळ्यातल्या, कारण किनाऱ्यावर मीठ साखळते ते तेव्हाच. शिरोडे हे आगरांचे गाव, आणि त्याला लागूनच मासेमारांची वस्ती. देशाच्या दृष्टीने जे प्रतीक होते ते येथे रोजच्या धंद्यातील साहित्य होते. ५ मार्च १९३१ च्या गांधी-आयर्विन करारात मिठाविषयी जी सवलत मिळाली ती हा भेद नकळत अधोरेखित करते. ज्या गावांजवळ मीठ तयार होते तेथील लोकांनी घरच्या वापरासाठी ते घ्यावे, गावातल्या गावात विकावे, पण बाहेर व्यापार करू नये, असे तिचे स्वरूप होते. घरातील मडके भरण्यास ती उपयोगी होती. खाऱ्या मासळीचा धंदा मात्र बाहेरच्या बाजारावर चालतो. आणि मिठाचा खुला व्यापार तर तिने दिलाच नव्हता.

अखेर १ एप्रिल १९४७ पासून मिठावरील कर रद्द झाला. सत्तर वर्षे ज्या सवलतीभोवती आवारे उभी होती तिचा आधारच नाहीसा झाला. हा विजय मासेमाराच्या हाती पडला तेव्हा मात्र काळ बदलत होता. १९४६ मध्ये मुंबईस खोल समुद्रातील मासेमारीचे केंद्र स्थापन झाले. पुढील दशकांत होड्यांना यंत्रे बसली, बर्फाचे कारखाने निघाले, आणि परदेशी मागणीमुळे कोळंबीस अपूर्व भाव आला. १८७५ मध्ये कापसाच्या व्यापारासाठी उपयोगी पडलेली ससून गोदी मासळीची गोदी झाली. उन्हाळ्याच्या पकडीस आता ऊन किंवा मीठ ह्यांची तितकी गरज उरली नाही. गरज राहिली ती डिझेलची आणि बर्फाची, आणि ही दोन्ही विकत घ्यावी लागतात. दक्षिण कोकणात व गोव्यात त्याचा परिणाम विशेष तीव्र झाला. रांपणीच्या पाण्यात ट्रॉलर शिरले. १९७० नंतरच्या दशकात गोव्यातील रांपणकारांनी संघटित होऊन त्यांच्याविरुद्ध लढा दिला. गोव्यात १९८० मध्ये आणि महाराष्ट्रात १९८१ मध्ये सागरी मासेमारी नियमनाचे कायदे झाले, त्यांमागे ह्या संघर्षाची पार्श्वभूमी आहे.

ह्या कायद्यांनी उन्हाळी हंगामाचा शेवटही आपल्या हाती घेतला. पूर्वी होड्या वर ओढल्या जात त्या मृगाचे वारे पाहून, आणि पुन्हा पाण्यात जात त्या नारळी पौर्णिमेस. समुद्रच बंदी घालीत असे. यंत्राच्या होडीस जून महिन्याचा समुद्र पूर्वीइतका दुस्तर राहिला नाही, म्हणून बंदी कायद्याने घालावी लागली. अलीकडच्या वर्षांत पश्चिम किनाऱ्यावर ती १ जून ते ३१ जुलै अशी ६१ दिवसांची झाली. नारळी पौर्णिमा पुष्कळदा त्यानंतर येते, आणि त्या मधल्या दिवसांत समुद्रात जावे की न जावे ह्यावर कोळीवाड्यांत दर वर्षी वाद होतो. बंदीच्या त्या महिन्यांत घरातील मडक्यांत जी मासळी असते ती मात्र उत्तरेस अजूनही मांडवावर वाळलेला बोंबील आणि दक्षिणेस मिठातला बांगडा अशीच बहुतांशी आहे. तेवढ्यापुरते दोन कोकणांतील अंतर बर्फाने आणि यंत्रानेही पुसलेले नाही.